तीन डॅक घरात आहेत, ठेवायचा कुठला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय का ते कळेल. तुमच्याकडे सध्या तीन डॅक आहेत, म्हणजे डिजिटल फाइलमधल्या आकड्यांचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी उपकरणं, एक बोटभर यूएसबी डोंगल, एक टेबलावर ठेवायचा, ईएसएस कंपनीची चिप असलेला आणि डेल्टा-सिग्मा या हल्लीच्या नेहमीच्या पद्धतीने चालणारा डॅक, आणि एक मित्राकडून ऐकायला आणलेला आर-टू-आर, म्हणजे रेझिस्टरच्या शिडीने रूपांतर करणारा, तोही ओव्हरसॅम्पलिंग (मूळ सॅम्पलच्या मधल्या किंमती गणिताने काढून भरणं) नसलेला, ज्याला नॉस म्हणतात तो. तिन्ही एकाच इंटिग्रेटेड अ‍ॅम्पला आळीपाळीने लावून ऐकलेत आणि तुमच्या शब्दांत डोंगल 'बारीक, जीव नसलेला', ईएसएसवाला 'स्वच्छ पण कोरडा' आणि आर-टू-आर 'भरदार, उबदार, गाणारा समोर बसल्यासारखा'. आता विचारताय की आर-टू-आर घ्यावा का, चिपमुळे खरंच एवढा फरक पडतो का, आणि नवीन डॅक घेतला तर १०० तास बर्न-इन करावं का, म्हणजे आवाज 'खुलावा' म्हणून तो आधी नुसता वाजत ठेवावा का.

मी गेली वीस-बावीस वर्षं अ‍ॅम्प, सीडी प्लेअर, डॅक उघडतोय, दुरुस्त करतोय, मोजतोय आणि तेवढ्याच आवडीने ऐकतोय पण, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, तुम्हाला फरक ऐकू आला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त तो फरक चिपचा आहे हे अजून कशावरूनच ठरलेलं नाही, कारण तुम्ही तिन्ही डॅक वेगवेगळ्या लेव्हलवर ऐकलेत.

तुम्ही स्पेसिफिकेशन्स दिलीत ते फार बरं केलंत. डोंगल १ व्होल्ट देतो, ईएसएसवाला २ व्होल्ट, आर-टू-आर २.३ व्होल्ट. डेसिबलमध्ये मांडायचं तर ईएसएसच्या तुलनेत डोंगल ६ डेसिबल खाली आणि आर-टू-आर साधारण १.२ डेसिबल वर. तुम्ही म्हणता की व्हॉल्यूम कानाने सारखा करून घेतला होता, पण कानाने लेव्हल जुळवताना एखाद-दीड डेसिबलची चूक सहज राहते, कितीही अनुभवी माणूस असला तरी. आणि गंमत अशी आहे की हा एवढासा फरक 'मोठा आवाज' म्हणून कळतच नाही. ६ डेसिबल कळतो, आपण लगेच नॉब फिरवतो. पण अर्धा ते एक डेसिबल वाढला की कान म्हणतो हा जास्त भरदार आहे, बेस जास्त आहे, आवाज पुढे आलाय, बारकावे जास्त दिसतायत. याचं एक कारण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय, कमी आवाजात आपले कान खालच्या फ्रिक्वेन्सींना कमी संवेदनशील असतात, लेव्हल वाढवली की बेस बाकीच्यापेक्षा भराभर वाढल्यासारखा वाटतो. म्हणजे तुमची तिन्ही वर्णनं बघा, बारीक, कोरडा, भरदार, ती बरोबर व्होल्टेजच्या चढत्या क्रमाने लागलेली आहेत. हा निव्वळ योगायोगही असू शकतो, पण आधी ही शंका फेडल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

हे मी स्वतः अनुभवलंय म्हणून इतकं ठासून सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन डॅक होते, त्यातला एक मी जवळजवळ दोन महिने मनापासून चांगला मानत होतो, रात्री उशिरा तानपुऱ्याचा झंकार कसा विरत जातो ते ऐकायचो आणि दरवेळी तोच जिंकायचा, वहीत नोंदीसुद्धा आहेत. मग एकदा दुसऱ्याच कामासाठी मीटर लावला तर एकाचा आऊटपुट २.०५ आणि 'चांगल्या'चा २.३० व्होल्ट, म्हणजे बरोबर १ डेसिबल. लेव्हल जुळवली आणि आठवडाभर परत ऐकलं तर मला दोन्ही वेगळे ओळखताच येईनात. वाईट वाटलं होतं, खरं सांगतो, पण त्या दिवसापासून मीटर लावल्याशिवाय कुठल्याही डॅकबद्दल मत देणं मी सोडलं.

तर लेव्हल कशी जुळवायची. १०० हर्ट्झचा साइन टोन (एकाच फ्रिक्वेन्सीचा शुद्ध सूर) घ्या, तो तिन्ही डॅकवर तोच वाजवायचा. साधा डिजिटल मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. १०० हर्ट्झ यासाठी की साधे मीटर मेन्सच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीला बरोबर वाचतात, वरती १ किलोहर्ट्झ किंवा त्यापुढे स्वस्त मीटर कमी दाखवायला लागतात. मीटर अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर लावा म्हणजे मधलं सगळं, केबल, इनपुट, व्हॉल्यूम, मोजमापात येतं. प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका, अ‍ॅम्प उडेल. व्हॉल्यूम हळूहळू वाढवत मीटरवर साधारण १ व्होल्ट आणा. आता ०.१ डेसिबल म्हणजे साधारण १२ मिलिव्होल्ट, तेव्हा दुसरा डॅक लावल्यावर आकडा या १२ मिलिव्होल्टच्या आत आला पाहिजे. यापेक्षा जास्त फरक असेल तर ऐकायला बसूच नका. दोन्ही चॅनल वेगवेगळे मोजा, कधीकधी एकाच डॅकचे डावे-उजवे चॅनल ०.२-०.३ डेसिबलने वेगळे निघतात आणि मग गायक-वादकांच्या जागा एका बाजूला सरकल्यासारखं वाटतं.

जुळवायचं कुठे, तर एकेक डॅक कॉम्प्युटरला लावून ऐकणार असाल तर प्लेअरच्या डिजिटल व्हॉल्यूममध्ये, सगळ्यात कमी आऊटपुटवाल्या डोंगलच्या पातळीला बाकीचे खाली आणा, ईएसएस ६ डेसिबल आणि आर-टू-आर साधारण ७.२ डेसिबल कमी करावा लागेल, मग मीटर बघून शेवटचा बारीक फरक काढा. २४ बिट आऊटपुट चालू असेल तर एवढ्या कपातीने काही बिघडत नाही, साधारण ६ डेसिबलला १ बिट एवढाच खर्च आहे.

पण मला विचाराल तर डोंगल सध्या बाजूला ठेवा आणि खरी लढत ईएसएस विरुद्ध आर-टू-आर लावा, आणि तीही अशी की दोन्ही एकाच वेळी वाजतायत आणि तुम्ही फक्त अ‍ॅम्पचा सिलेक्टर फिरवताय. त्यासाठी यूएसबीतून एसपीडीआयएफ (डिजिटल ऑडिओ नेण्याची एक प्रमाणित पद्धत) काढणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, ज्याला कोअ‍ॅक्स (तांब्याची तार) आणि ऑप्टिकल (प्रकाशाची तार) असे दोन्ही आऊटपुट एकदम चालू असतात, एक ह्या डॅकला, एक त्या डॅकला. आता दोन्हीकडे एकच स्ट्रीम जात असल्याने सॉफ्टवेअर व्हॉल्यूम उपयोगाचा नाही, दोन्ही बरोबरच खाली येतील. मग आर-टू-आरच्या आऊटपुटला प्रत्येक चॅनलमध्ये सिरीजमध्ये एक रेझिस्टर टाका. तुमच्या अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ४७ किलोओहम असेल तर ६.८ किलोओहमने लेव्हल १.१७ डेसिबल खाली येते, म्हणजे तुमच्या आकड्यांप्रमाणे २.३ चे २.०१ व्होल्ट, जवळजवळ बरोबर. अगदी चपखल हवं असेल तर १० किलोओहमचा छोटा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकून मीटर बघत फिरवा. हे करताना ट्रेबल जातो का अशी भीती वाटेल, केबलचं कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरलं तरी कपात २०० किलोहर्ट्झच्या वर सुरू होते, कानाच्या कितीतरी बाहेर.

एकदम बदलता येण्यावर मी इतका जोर देतोय कारण ध्वनीची बारीक स्मृती काही सेकंदांचीच असते. केबल काढली, दुसरी लावली, परत येऊन बसलात, गाणं पहिल्यापासून लावलं, एवढ्यात दीड मिनिट गेलं आणि आता तुम्ही आवाजाची नाही, आवाजाबद्दल मनात जे वाक्य तयार झालं होतं त्याची तुलना करताय.

मग शेवटचा भाग, डोळे बाजूला. घरातल्या कुणाला तरी बसवा, नाणं उडवायचं, छापा आला तर एक, काटा आला तर दुसरा, कागदावर लिहायचं, तुम्ही पाठमोरे. आधी दोन्ही कुठला कुठला आहे ते सांगून हवं तेवढं ऐकून घ्या, मग न सांगता वाजवलेला कुठला ते ओळखायचं, असं १६ वेळा. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्याही खाली आहे, म्हणजे फरक ऐकू येतोय असं मानायला हरकत नाही. ८, ९, १० बरोबर आले तर ते नाणं उडवल्यासारखंच. सगळे १६ एका बैठकीत करू नका, कान थकतात, चार-चार करून दोन दिवसांत करा, आणि स्वतःच्या पाठ असलेल्या रेकॉर्डिंगवरच करा. मला स्वतःला एकटा मानवी आवाज, तबल्याची चाट आणि टाळ्या हे तीन प्रकार सगळ्यात उपयोगी पडतात, भरगच्च ऑर्केस्ट्रा त्यामानाने कमी. सिलेक्टर फिरवणाऱ्याने बोलायचं नाही, आणि सिलेक्टरमधल्या रिलेचा, म्हणजे आतल्या स्विचचा, आवाज दोन्ही इनपुटला वेगळा येत असेल तर मधे म्यूट करायचं, अशा बारीक खुणा मेंदू न कळत पकडतो.

आता चिपबद्दल. लोकांना वाटतं की डॅक म्हणजे त्यातली चिप. सीडी १९८२ मध्ये आली तेव्हा हे बऱ्याच अंशी खरं होतं. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटची टीडीए१५४० चिप होती आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून त्यांनी तिच्यातून १६ बिटच्या जवळ जाणारं काम काढून घेतलं. सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये १६ बिटचा एकच कन्व्हर्टर डाव्या-उजव्या चॅनलला आळीपाळीने वापरला होता, त्यामुळे दोन चॅनलमध्ये साधारण ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडायचा. ऐकायला भयंकर वाटतं, पण तेवढ्या वेळात आवाज हवेतून ४ मिलिमीटरसुद्धा जात नाही, म्हणजे एक स्पीकर ४ मिलिमीटर मागे सरकवल्यासारखं. तेव्हा कन्व्हर्टर हाच सगळ्यात अवघड भाग होता. आज तसं नाही. आज साध्या चिपची विकृती आणि नॉइज सिग्नलच्या १०० डेसिबलहून खाली सहज असतो, आणि उत्तम स्पीकरसुद्धा बेसमध्ये जोरात वाजताना १ टक्का विकृती देतो, म्हणजे फक्त ४० डेसिबल खाली. मधलं अंतर ६० डेसिबलचं आहे, हजारपट. खोलीचं तर विचारूच नका, बेसमध्ये १० डेसिबलचे चढउतार अगदी सामान्य खोलीत असतात.

चिपच्या नावापेक्षा तिच्या भोवतीचं सर्किट जास्त बोलतं याचं एक चांगलं उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएम या डॅक चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि या कंपनीच्या चिप मिळेनाशा झाल्या. अनेक उत्पादकांना चालू मॉडेलमध्येच चिप बदलावी लागली. आरएमई या ऑडिओ कंपनीने त्यांच्या एडीआय-२ डॅकमध्ये एकेएमच्या जागी ईएसएसची चिप घातली आणि बाकी सर्किट त्याप्रमाणे जुळवून कामगिरी जवळपास तीच ठेवली. ज्यांना 'एकेएम मखमली आणि ईएसएस धारदार' असं ठामपणे वाटतं त्यांनी या एका गोष्टीवर शांतपणे विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

पण आर-टू-आर नॉसचं वेगळं आहे, इथे मी तुमच्या बाजूनेही बोलणार आहे. नॉस डॅकमध्ये खरा, मोजता येणारा, आणि काही लोकांना ऐकू येणारा फरक असतो. ओव्हरसॅम्पलिंग आणि डिजिटल फिल्टर नसला की प्रत्येक सॅम्पलची किंमत पुढचं सॅम्पल येईपर्यंत तशीच धरून ठेवली जाते, आणि त्याचा परिणाम म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सी खाली येतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलला १० किलोहर्ट्झला साधारण ०.७५ डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला ३.२ डेसिबल कमी. शिवाय ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर आरसा धरल्यासारख्या प्रतिमा उरतात, २० किलोहर्ट्झचा सूर असेल तर २४.१ ला त्याचं भूत. ती भुतं स्वतः ऐकू येत नाहीत पण कुठला अ‍ॅम्प ती कशी पचवतो यावर थोडंफार अवलंबून असतं. ट्रेबल असा हळुवार उतरला की झांजा मऊ होतात, 'स' आणि 'श' टोचत नाहीत, आणि त्यालाच आपण उबदार म्हणतो. ज्याचे स्पीकर वरच्या बाजूला थोडे चढे आहेत त्याला हा उतार खरोखर सुखद वाटतो, त्यात चूक काहीच नाही. फक्त हे लक्षात घ्या की हाच उतार इक्वलायझरमध्ये एका शेल्फ फिल्टरने (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं सगळं थोडं खाली आणणारा फिल्टर) बनवता येतो आणि नको असेल तेव्हा बंदही करता येतो. तुमच्या ईएसएसवाल्यावर असा फिल्टर लावून आर-टू-आरशी ताडून बघा, मला फार उत्सुकता आहे काय निघतं त्याची.

'पण डिजिटल म्हणजे पायऱ्या, आर-टू-आर त्या नैसर्गिक ठेवतो' असं तुमच्या मित्राने सांगितलं ना, ते उलटं आहे. बरोबर फिल्टर केलेल्या डॅकच्या आऊटपुटला ऑसिलोस्कोप लावला तर पायऱ्या दिसतच नाहीत, अखंड लाट दिसते. पायऱ्या दिसतात त्या नॉसमध्येच.

आर-टू-आरची दुसरी अडचण रेझिस्टरच्या अचूकतेची. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठ्या बिटचा रेझिस्टर ६५,५३६ भागांत एका भागाइतका नेमका लागतो, म्हणजे साधारण ०.००१५ टक्के, आणि बाजारातले चांगले म्हणून विकले जाणारे रेझिस्टर ०.०१ टक्क्यांचे असतात. म्हणून चांगले उत्पादक रेझिस्टर निवडून जुळवतात किंवा एफपीजीएमधून (हवं तसं प्रोग्रॅम करता येणारी चिप) दुरुस्ती करतात. जे करत नाहीत त्यांच्यात अगदी हळू संगीतात, आवाज विरत जाताना, खरखर येते. तुमच्या मित्राचा कसा आहे ते बघायचं तर एखादा हळूहळू विरणारा सूर घेऊन शेवटचे काही सेकंद हेडफोनवर जरा मोठ्याने ऐका, शेवट गुळगुळीत आहे की कुस्करल्यासारखा होतो. व्हॉल्यूम परत खाली आणायला मात्र विसरू नका.

अजून एक फरक आहे जो फारसा कुणी सांगत नाही आणि तो डेल्टा-सिग्मा डॅकच्या विरोधात जातो. हल्लीची बरीच रेकॉर्डिंग्ज इतकी मोठ्याने मास्टर केलेली असतात की सॅम्पल सगळे कमाल मर्यादेला टेकलेले, आणि दोन सॅम्पलच्या मधली खरी लाट मर्यादेच्या वर जाते, अगदी २-३ डेसिबलसुद्धा. ओव्हरसॅम्पलिंग करणारा डॅक ती मधली किंमत काढायला जातो आणि जागा नसेल तर क्लिप करतो, म्हणजे लाटेचा माथा छाटतो. बेंचमार्क या कंपनीने त्यांच्या डॅक२ या मॉडेलपासून यासाठी मुद्दाम ३.५ डेसिबलची जागा राखून ठेवली, पण सगळे ठेवत नाहीत. नॉस मधली किंमत काढतच नाही त्यामुळे तो तिथे क्लिपही करत नाही. तुमचा ईएसएसवाला 'कोरडा' वाटतो तो विशेषतः नव्या, मोठ्या आवाजाच्या गाण्यांवर वाटतो का? तसं असेल तर प्लेअरमध्ये डिजिटल लेव्हल ४ डेसिबल खाली करा, अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम तेवढा वाढवा, आणि परत ऐका. खर्च शून्य आहे.

आता ज्या गोष्टींवर मी डॅक निवडताना सगळ्यात जास्त वेळ घालवतो त्यावर येतो, आणि त्यात चिप कुठेच नाही. पहिली, अ‍ॅम्पशी लेव्हलचा मेळ. समजा डॅक ४-५ व्होल्ट देतोय आणि अ‍ॅम्पला २ व्होल्ट अपेक्षित आहेत, तर व्हॉल्यूमचा नॉब घड्याळाच्या आठ-नऊच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि साध्या व्हॉल्यूम पॉटचे (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचे) दोन चॅनल नेमके त्याच सुरुवातीच्या भागात एकमेकांशी जुळत नाहीत, गायक मधून डावीकडे सरकतो आणि लोक म्हणतात डॅकचं इमेजिंग खराब आहे. काही अ‍ॅम्पचे इनपुट तर २ व्होल्टच्या थोडं वर गेलं की क्लिप करतात. उलट डोंगलच्या १ व्होल्टवर नॉब बाराच्या पुढे जातो, त्यात काही वाईट नाही, उलट पॉट तिथे चांगला जुळलेला असतो. तुमचा डोंगल मला आत्ताच निकालात काढावासा वाटत नाही तो यामुळे पण.

दुसरी, ग्राउंडचा नॉइज. हा खरा शत्रू आहे आणि यात डॅक-डॅकमध्ये खरंच जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. एका स्नेह्यांकडे डॅक बदलल्यावर 'पार्श्वभूमी काळीभोर झाली' म्हणून मला ऐकायला बोलावलं होतं, आणि खरंच झाली होती, पण जुना डॅक यूएसबीवर होता आणि नवा ऑप्टिकलवर. जुनाच ऑप्टिकलवर लावला तर तोही तितकाच शांत. लॅपटॉपचा चार्जर, यूएसबीचा ग्राउंड आणि अ‍ॅम्पचा ग्राउंड मिळून लूप तयार होतो, त्यातून हम (मेन्सची घूं) येतो किंवा माउस हलवला की बारीक किरकिर येते. तपासायला सोपं आहे, चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, गेला तर लूपच. ऑप्टिकलमध्ये तांब्याची तारच नसल्यामुळे हा प्रश्न मुळातून मिटतो, आणि बॅलन्स्ड (बाहेरचा नॉइज रद्द करणारी जोडणी) इनपुट-आऊटपुट असतील तर त्यानेही खूप फरक पडतो. तुमच्या सिलेक्टरवाल्या चाचणीतसुद्धा दोन्ही डॅक एकदम अ‍ॅम्पला लागलेले असताना हम येतोय का हे आधी बघून घ्या.

डॅकचा स्वतःचा नॉइज याच्यापुढे काहीच नाही. नॉइज सिग्नलच्या ११० डेसिबल खाली असलेला साधा डॅक २ व्होल्टवर जेमतेम ६ मायक्रोव्होल्ट नॉइज देतो, २६ डेसिबल गेनच्या पॉवर अ‍ॅम्पला थेट लावला आणि स्पीकरची संवेदनशीलता ९० डेसिबल असली तर एका मीटरवर ३ डेसिबलच्या आसपास, रात्रीच्या शांत खोलीच्याही खूप खाली. हॉर्नचे १०५ डेसिबलवाले स्पीकर असते तर मी तुम्हाला अजून चांगल्या आकड्यांचा डॅक बघा म्हटलं असतं.

तिसरी, कॉम्प्युटर नक्की काय पाठवतोय. विंडोजचा मिक्सर ४८ किलोहर्ट्झवर सेट असेल आणि गाणं ४४.१ किलोहर्ट्झचं असेल तर डॅकपर्यंत पोचायच्या आधीच ते बदललेलं असतं, वर कुठलंतरी 'एन्हान्समेंट' चालू राहिलेलं असतं, आणि प्रत्येक डॅकची ही सेटिंग्ज वेगवेगळी साठवलेली असतात! म्हणजे एका डॅकला इक्वलायझर चालू आणि दुसऱ्याला बंद असं तुमच्या नकळत झालेलं असू शकतं. प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड लावा, म्हणजे विंडोजचा मिक्सर मधे येत नाही. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन बंद करा, एका डॅकला एक अ‍ॅप आणि दुसऱ्याला दुसरं असं तर मुळीच नको.

जिटरची, म्हणजे सॅम्पलच्या वेळेतल्या बारीक चुकांची, काळजी सोडा. आजच्या असिंक्रोनस (स्वतःच्या घड्याळावर चालणाऱ्या) यूएसबी डॅकमध्ये तो पिकोसेकंदांत असतो आणि ऐकण्याच्या प्रयोगांत संगीतातला रँडम जिटर लोकांना ऐकू यायला शेकडो नॅनोसेकंद लागले होते.

हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त बिट किंवा सॅम्पल रेटच्या) फाइल्सचं म्हणाल तर मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हाय-रेझ आऊटपुटच्या मध्ये १६ बिट ४४.१ चा टप्पा घातला होता, ५५४ पैकी २७६ वेळा लोकांनी बरोबर ओळखलं, म्हणजे निम्मे. २०१६ मध्ये रीस यांनी अनेक प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा सरासरी ५२.३ टक्के निघाली, प्रशिक्षण घेतलेल्यांची त्याहून बरी. म्हणजे परिणाम असलाच तर फार बारीक आहे, त्यासाठी डॅक बदलण्यासारखा नक्की नाही.

आता तुमचं नेमकं काय करायचं. आधी लेव्हल जुळवून ईएसएस आणि आर-टू-आर ऐका. ओळखता आले नाहीत तर ईएसएसवाला ठेवा, त्याला ऑप्टिकल आहे, बॅलन्स्ड आहे, रिमोटचा व्हॉल्यूम आहे, या रोज हाताला लागणाऱ्या गोष्टी आहेत. ओळखता आले आणि तरीही आर-टू-आर आवडला तर आधी वर सांगितलेला ट्रेबलचा उतार ईएसएसवर लावून बघा, त्याने समाधान झालं तर खर्च वाचला. नाही झालं तर आर-टू-आर घ्या, खुशाल घ्या, डोळे मिटून ओळखलेली आवड ही तुमची स्वतःची आवड आहे, त्याला माझ्या मीटरची परवानगी लागत नाही. डोंगल प्रवासाला आणि हेडफोनला ठेवा, फक्त हेडफोन कमी इम्पिडन्सचे असतील तर डोंगलचा आऊटपुट इम्पिडन्स त्याच्या आठव्या भागापेक्षा कमी आहे का ते बघा, नाहीतर बेसचा तोल बदलतो. आणि जो खर्च वाचेल तो स्पीकरची जागा आणि खोली सुधारण्यावर घाला, सुरुवातीला स्पीकर भिंतीपासून अर्धा-एक फूट पुढे ओढून बघा, त्यात जेवढं ऐकू येईल तेवढं तिन्ही डॅक मिळून देणार नाहीत.

राहिलं बर्न-इन. नवा डॅक अर्धा तास चालू ठेवा, आतलं तापमान स्थिर होतं, तेवढं पुरतं. १०० तासांत डॅक बदलल्याचं मी मोजलेल्या एकाही युनिटमध्ये मला दिसलेलं नाही, पहिल्या दिवशीचे आणि तीन महिन्यांनंतरचे आलेख एकावर एक ठेवले तर रेघेवर रेघ बसते. १०० तासांत कान मात्र त्या आवाजाला सरावतात. म्हणून मित्राचा आर-टू-आर परत करायच्या आधी एक आठवडा तो अजिबात न लावता फक्त ईएसएसवाला ऐका, आणि १६ फेऱ्यांची चाचणी त्यानंतर करा.